बसलेला फोम

कुशनवाल्यानं व्हॅन घेतली तेव्हा त्याचा मेहुणा पोट धरून हसला होता. "भावोजी, भाजी विकायला काढणार की पेशंट वाहायला?" असं त्यानं चारचौघांत विचारलं. दोन महिन्यांनी त्याच मेहुण्यानं घर बदलायला हीच व्हॅन मागून नेली आणि कपाट, पलंग, फ्रिज सगळं दोन खेपांत हलवलं. चावी परत देताना तो एवढंच म्हणाला, "गाडी कामाची आहे हं."

आणि गाडी खरंच कामाची होती. सकाळी बायकोला दवाखान्यात सोडायचं, ती तिथं नर्स होती. मग मुलीला, बिट्टीला, शाळेत. मग आईला गुडघ्याच्या व्यायामाला. आईला पूर्वी मोटारीत बसवणं म्हणजे एक सोहळाच असायचा. आधी डोकं, मग कंबर, मग एकेक पाय, आणि सगळ्यांच्या सूचना. व्हॅनचं दार बाजूला सरकायचं आणि सीट बरोबर खुर्चीच्या उंचीवर. आई नुसती टेकायची आणि वळायची. सगळ्यांना पोचवून झालं की मागचं बाकडं दुमडायचं, त्यात फोमच्या लाद्या आणि रेक्झिनचे गठ्ठे भरायचे आणि दुकान गाठायचं. संध्याकाळी बाकडं उघडलं की गाडी पुन्हा घरची.

पुढे दोन सीटा, मध्ये दोन सुट्या, मागे तिघांचं बाकडं. घेतली तेव्हा सगळ्यांच्या चिंध्या झालेल्या होत्या. दुसऱ्यांच्या सीटा शिवणाऱ्याच्याच गाडीत फाटक्या सीटा, म्हणजे दिव्याखाली अंधार. म्हणून कुशनवाल्यानं एका शनिवारी दुकान लवकर बंद केलं आणि सातही जागा स्वतः भरायला घेतल्या. नवा फोम, वर काळं रेक्झिन, कडेला दुहेरी शिलाई. सहा झाल्या. सातवीला, म्हणजे मधल्या उजव्या सीटला, फोम पुरला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन बाहेर जायचं ठरलेलं. बिट्टीनं तर तीन दिवस आधीच पिशवी भरून ठेवली होती. फोमवाल्याचं दुकान बंद. कुशनवाल्यानं माळ्यावर नजर टाकली. तिथं एक जुनी सीट किती वर्षं पडून होती. कोणीतरी शिवायला टाकली होती आणि न्यायला आलंच नव्हतं. त्यानं ती उसवली. फोम चांगला होता, फक्त मधोमध बसलेला होता. फोमवर एकच माणूस रोज बसलं की फोम त्याच्यापुरता दबतो आणि दबलेलाच राहतो, त्याला या धंद्यात बसलेला फोम म्हणतात. हा खळगा लहान होता, पोराटोराचा. कुशनवाल्यानं तो फोम मापात कापला, खळगा खाली जाईल असा उलटा घातला आणि वरून रेक्झिन ओढलं.

हे करू नये, हे त्याला माहीत होतं. ज्यांच्या हाताखाली तो शिकला त्या वस्तादांचा नियमच होता. एकाखाली बसलेला फोम दुसऱ्याखाली घालायचा नाही. वापरायचाच असेल तर चिरून, चुरा करून, उशीत भरायचा. का, ते वस्तादांनी सांगितलं नव्हतं आणि त्यानं विचारलं नव्हतं. वाया जायला नको आणि स्वच्छतेलाही बरं, असं काहीतरी असेल म्हणून त्यानं ते सोडून दिलं होतं. आणि आता तर वेळ निभावून न्यायची होती.

सहा महिने छान गेले.

एका रविवारी सकाळी तो व्हॅन धूत होता. सीटा काढून त्यानं अंगणात उन्हाला मांडल्या आणि सवयीनं एकेकीवरून तळहात फिरवला. त्याचा हात यात तयार होता. नुसती सीट चाचपून तो सांगायचा की बसणारा पाकीट मागच्या खिशात ठेवतो, कंबर कोणत्या बाजूची दुखते. गिऱ्हाइकं थक्क व्हायची. फोम खोटं बोलत नाही, असं तो म्हणायचा.

त्याची स्वतःची सीट डावीकडे जास्त दबलेली होती. बायकोची फक्त पुढच्या काठाला, कारण ती नेहमी उतरायच्या तयारीतच बसायची. आईची तिरकी, गुडघा सांभाळून. तिन्ही सीटा अगदी त्या त्या माणसासारख्या. मग त्यानं बिट्टीच्या सीटवर हात ठेवला.

सपाट. पहिल्या दिवसासारखी.

आठ वर्षांची पोर, अंगानं चांगली भरलेली, सहा महिने रोज चार वेळा त्या सीटवर बसत होती. त्यानं अंगठा दाबून बघितला, फोम नीट दबत होता, नीट वर येत होता. फक्त त्यावर कोणी बसल्याची खूण नव्हती.

मग त्यानं मागचं बाकडं चाचपलं. तिथं कोणीच बसायचं नाही. डाव्या कोपऱ्यात त्याचा हात खाली गेला.

खळगा लहान होता. एका बाजूला मांडीचा लांबट दाब आणि दुसऱ्या बाजूला, जिथं मांडी असायला हवी तिथं, एक खोल गोल ठसा. बसताना डावा पाय मुडपून अंगाखाली घेतला की तसा ठसा पडतो. घरात डावा पाय मुडपून बसणारं एकच माणूस होतं. "पाय खाली सोड गं, मुंग्या येतील," असं आई तिला दिवसातून दहादा सांगायची.

"मागच्या सीटवर डावीकडे काय ठेवतेस?" त्यानं बायकोला विचारलं.

"काही नाही. पिशव्या मी खाली ठेवते. का हो?"

"सहज."

तेव्हापासून तो आरशात बघायला लागला. मधल्या उजव्या सीटवर बिट्टी बसलेली असायची. दोन्ही पाय खाली सोडून, हात मांडीवर, पाठ ताठ. हे कधीपासून? तो आठवायला लागला तशा एकेक गोष्टी पुढं यायला लागल्या. पाय मुडपणं बंद झालं होतं. गाडीत बडबड बंद झाली होती. बाबांना अरेतुरे करणारी पोरगी अहोजाहो करायला लागली होती. "शहाणी झाली गं माझी बाई," असं आई कौतुकानं म्हणायची आणि तो मान डोलवायचा. "हिचं अंथरूण तर आवरावंच लागत नाही," असं बायको शेजारणीला सांगायची. त्यानं एकदा पहाटे, ती उठून दात घासायला गेल्यागेल्या, तिच्या गादीवर हात फिरवला. उशीवर फिरवला. कुठेच काही नव्हतं.

त्याला भीती वाटली. पण भीती वाटली म्हणून माणूस लगेच वेडंवाकडं काही करत नाही, आधी तो खात्री करून घेतो. कंबर दुखणाऱ्या गिऱ्हाइकाची सीट बेतताना कुशनवाल्याची एक पद्धत होती. काळ्या रेक्झिनवर साध्या पावडरीचा पातळ थर द्यायचा, गिऱ्हाइकाला दहा मिनिटं बसवायचं आणि उठल्यावर उमटलेला ठसा बघायचा. पुढच्या रविवारी दुपारी त्यानं व्हॅनच्या सातही जागांवर फडक्यातून पावडर झटकली.

"सगळ्यांच्या सीटा नव्यानं बेतायच्या आहेत," तो म्हणाला. "चला, एक चक्कर मारून येऊ."

"म्हातारीला पीठ लावून कुठं तळायला नेतोस?" आई म्हणाली आणि टेकून, वळून बसली. बायको हसली. बिट्टी आपल्या जागेवर जाऊन बसली.

त्यानं वस्तीभोवती एक फेरा मारला. बँकेवरून, टपाल कचेरीवरून, शाळेच्या बंद फाटकावरून. एका वळणावर मागून रेक्झिन करकरलं. सीटवर बसलेल्यानं बूड सरकवलं की करकरतं, तसं. त्यानं आरशात बघितलं. मागचं बाकडं रिकामं होतं. बिट्टी आरशातून त्याच्याकडे बघत होती.

घरी सगळे उतरले. आईची पाठ पांढरी, बायकोची पांढरी, त्याची स्वतःची विजार पांढरी. दोघी एकमेकींना झटकत हसत आत गेल्या. बिट्टी उडी मारून उतरली. तिचा फ्रॉक गडद निळा होता. त्यावर एक कण नव्हता.

"माझं बेतून झालं ना, बाबा?" ती म्हणाली.

तिच्या सीटवर पावडर जशीच्या तशी होती.

मागच्या कोपऱ्यात एका मांडीचा ठसा होता. त्याच्या शेजारी मुडपलेल्या पावलाचा. पाच बारीक बोटं, ओळीनं.

"बिट्टी, जरा मागे बसून दाखव बघू. त्या डाव्या कोपऱ्यात."

ती जागची हलली नाही. "तिथं जागा नाही, बाबा," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या संध्याकाळी त्यानं तिला उचलायला हात पुढं केले. पूर्वी तो दारात दिसला की ती पाठीवर चढायची, बूटसुद्धा काढू द्यायची नाही. आता ती सहज बाजूला झाली. "मी काय आता कुक्कुलं बाळ आहे?" कुशनवाल्याला कळलं की आपण हिला सहा महिन्यांत एकदाही उचललेलं नाही. तो मोरीत गेला, नळ सोडला आणि रडला.

त्यानं बायकोला सांगून बघितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांचं ऐकते तसं. मग ती म्हणाली, "पोरगी समोर बसून जेवतेय आणि तुम्ही सीटा चाचपताय. त्या चिकटवायच्या सोल्युशनचा वास डोक्यात जातो तुमच्या. दुकानाला एक खिडकी पाडा."

दुसऱ्या दिवशी तो वस्तादांकडे गेला. वस्ताद आता काम करत नसत, मुलाच्या घरी खिडकीशी खुर्ची टाकून बसत. त्यानं सांगितलेलं त्यांनी ऐकलं आणि एकच विचारलं.

"उलटा घातलास?"

"हो."

वस्तादांनी हातातला कप खाली ठेवला.

"वस्ताद, असा फोम घातला तर होतं काय?"

"मला काय माहीत? माझ्या वस्तादांनी घातला नाही, मी घातला नाही. घातलायस तू." त्यांनी कप बाजूला सारला. "काढायचा तर काढ. पण आधी बघून घे, कुणाला काढतोयस."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत दुकानात कोणी नसायचं. त्यानं व्हॅन मागच्या बाजूनं दुकानाला लावली, मागचं दार वर केलं, बाकडं उघडलं, म्हणजे टेबलापाशी उभं राहून बाकड्याचा कोपरा दिसेल. मधली उजवी सीट काढून टेबलावर घेतली. पकडीनं रेक्झिन धरून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या तोडल्या, रेक्झिन सोललं आणि फोम बाहेर काढून उलटा केला.

सहा महिने खाली दाबला गेलेला तो जुना खळगा एव्हाना पुसट व्हायला हवा होता. तो होता त्याहून ठळक झाला होता. दोन सरळ मांड्या, जवळजवळ ठेवलेल्या. त्यानं त्यात हात ठेवला. आत्ताच कोणी उठून गेल्यासारखा तो उबदार होता.

ताठ बसणारी ती ही, या फोमातली. मग मागे पाय मुडपून बसलेली बिट्टी होती. त्याची बिट्टी, सहा महिने, रोज चार वेळा, सगळ्यांच्या मागे. बायको ओट्याशी, आई खाटेवर, तो दुकानात, आणि पोर गाडीत. कोणी मागे वळून बघितलं नव्हतं.

त्याला राग आला. त्यानं करवती सुरी घेतली आणि फोमच्या कडेला चालवली.

गाडीतून रेक्झिन करकरलं.

त्यानं वर बघितलं. काही नव्हतं. त्यानं आणखी चार बोटं कापलं.

पुन्हा करकरलं, या वेळी लांब. कोणीतरी जागेवरून उठत असल्यासारखं.

कोपऱ्यातला खळगा वर येत होता.

पावलाचा ठसा भरून आला होता. मांडीचा भरत होता. रेक्झिनच्या सुरकुत्या एकेक करून सरळ होत होत्या.

सुरी त्याच्या हातातून पडली. तो धावला आणि दोन्ही तळहात कोपऱ्यावर दाबून धरले. हातांखालून फोम वर ढकलत होता, हळूहळू, अगदी सहज.

"बस," तो म्हणाला. "बिट्टी, बस गं. बाळा, बस. उठू नकोस."

मग तो टेबलाकडे पळाला. चिरलेल्या जागी सोल्युशन लावलं, दाबून धरलं, फोम होता तसा उलटा घातला, रेक्झिन ओढलं, नव्या कड्या आवळल्या. आयुष्यात त्यानं कुठलीच सीट इतक्या घाईनं आणि इतक्या काळजीनं शिवली नव्हती. सीट जागेवर बसवून तो कोपऱ्याजवळ उकिडवा बसून राहिला.

करकर ऐकू यायला बराच वेळ लागला. मग रेक्झिन किंचित दबलं.

शाळा सुटली तेव्हा तो फाटकाशी उभा होता. बिट्टी आली, सरकतं दार उघडून आपल्या जागेवर बसली, दप्तर मांडीवर घेतलं. गाडी सुरू झाली. दोन चौक गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, परत असं करू नका हं."

त्यानं परत तसं केलं नाही.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. मागचं बाकडं त्यानं चार बोल्ट मारून कायमचं उघडं ठेवलं आहे, ते आता दुमडत नाही. फोमच्या लाद्या टपावर बांधून न्याव्या लागतात, आणि एवढी मोठी गाडी घेऊन काय उपयोग, असं मेहुणा पुन्हा म्हणायला लागला आहे. घरी बायको थोडी काळजीत असते. बिट्टीची उंची ती दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं मांडते. यंदाची रेघ बरोबर गेल्या वर्षीच्या रेघेवर पडली. तोच निळा फ्रॉक अजून होतो. "काही मुलं थांबतात आणि मग एकदम वाढतात," असं ती म्हणते, आणि नर्सच म्हणते आहे म्हटल्यावर कोणी जास्त विचारत नाही.

मागच्या कोपऱ्यासाठी कुशनवाल्यानं एक पट्टा शिवला आहे. मऊ कापडाचा, कमरेच्या पट्ट्यासारखा, बक्कल आणि भोकं असलेला. सकाळी सगळे बसायच्या आधी तो मागचं दार उघडतो, पट्टा कोपऱ्यात फिरवून दोन्ही टोकं जुळवतो आणि बक्कल लावतो. पट्टा खाली पडत नाही. रिकाम्या जागेभोवती तो नीट बसतो. जराही कमी-जास्त नाही. मग तो हळू आवाजात दोन शब्द बोलतो, शाळेत सोडताना पूर्वी बोलायचा तसे, आणि दार लावतो.

परवा सकाळी बक्कल पोचेना. त्याला वाटलं, पट्टा कुठंतरी अडकला आहे. त्यानं सगळीकडून हात फिरवून बघितलं, कुठंही अडकलेला नव्हता. मग त्यानं पट्टा एका भोकानं सैल केला.